सर्व्हिसिंगला गाडी टाकली आणि १९,४०० चा आकडा आला. सातारा-सांगलीकर, यातलं खरं किती?

कास_रोडवाला (सातारा)

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग ५२ हजार, पहिला मालक मीच. परवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकली (नाव घेत नाय, उगं वाद नको). गाडीची खरी तक्रार एकच, स्पीडब्रेकरवरनं उतरताना पुढनं डावीकडं खट्ट असा आवाज येतो, सकाळी गाडी थंड असली की जास्त. बाकी वर्षाची सर्व्हिस. साडेनवाला गाडी दिली आणि साडेअकराला फोन. ॲडव्हायझर पोरगं एकदम गोड बोलतं, "सर गाडी चेक केली, थोडं काम निघालंय." थोडं म्हणजे किती, तर रेग्युलर सर्व्हिस ४,६००, इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) क्लीनिंग १,४५०, थ्रॉटल बॉडी (इंजिनाला हवा सोडणारी झडप) क्लीनिंग ८५०, इंजिन फ्लश (आतनं धुणं) ६५०, एसी क्लीनिंग १,२५०, चारी चाकांचं ब्रेक ओव्हरहॉलिंग १,८००, खालनं अंडरबॉडी कोटिंग ३,५००, दोन्ही लोअर आर्म (पुढच्या चाकांना खालनं धरणारे दांडे) ४,२०० आणि अलाइनमेंट बॅलन्सिंग कॅम्बर (चाकाचा उभा कल) सगळं मिळून १,१००. एका दमात वाचून दाखवलं, रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखं. वर म्हणतो "सर ओके करू ना?"

मी विचारलं इंजेक्टर क्लीनिंग कशापायी, गाडी तर चांगली पळते, पिकअप आहे, ॲव्हरेज पण जसं होतं तसंच आहे. तर म्हणे "सर ५० हजार झाले ना." म्हणजे वय झालं म्हणून सलाईन लावायचं, आजार असो नसो.

मी म्हटलं थांब, मला व्हॉट्सॲपवर टाक, संध्याकाळी सांगतो. तर आता तुम्ही सांगा.

भडंगप्रेमी (सांगली)

१९,४०० त जुनी ॲक्टिव्हा येईल राव, सर्व्हिसिंग कसलं करताय

माहेर_सांगली (विश्रामबाग)

कास रोडवाले, डॅशबोर्डच्या खणात कंपनीचं एक पुस्तक असतं बघा, पीयूसी आणि जुन्या पार्किंगच्या पावत्यांखाली दबलेलं. ते काढा. मागच्या बाजूला मेंटेनन्सचा तक्ता आहे, आडवे किलोमीटर आणि महिने, उभे पार्ट. प्रत्येक चौकोनात एक अक्षर असतं, आय किंवा आर. आय म्हणजे नुसतं तपासायचं, आर म्हणजे बदलायचं. ॲडव्हायझर लोकांचा सगळा खेळ इथंच आहे, तक्त्यातला प्रत्येक आय ते आर वाचतात. आणि इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अंडरबॉडी कोटिंग ह्याच्या ओळीच माझ्या गाडीच्या तक्त्यात नाहीत, तुमच्या गाडीचं तुम्ही बघा.

मी गेल्या वर्षी पुस्तक घेऊनच गेले होते. समोरचा म्हणाला मॅडम, एकदा सरांशी बोलून घेता का. म्हटलं सर घरी मेथी निवडतायत, तुम्ही माझ्याशीच बोला, आणि ह्या पानावर फ्लश कुठं लिहिलंय तेवढं बोट ठेवून दाखवा. बोट काय ठेवलं नाही. मग आपोआप "ते ऑप्शनल आहे मॅडम" झालं. ऑप्शनल होतं तर आधी जॉब कार्डात (कामांची यादी असते त्या कागदात) लिहून कसं ठेवलं हे मात्र नाही सांगितलं.

सही करताना जॉब कार्ड नीट वाचा हो, मोकळ्या कार्डावर सही करू नका. आणि त्यावरच स्वतःच्या हातानं लिहा, "यापेक्षा जास्तीचं काम फोन करून, विचारून." माझा नवरा हसतो ह्याला. हसू दे.

पाना_नंबर_चौदा (सातारा)

मी स्वतः मिस्त्री, १९ वर्षं झाली या धंद्यात, त्यातली पहिली सहा कंपनीच्या वर्कशॉपला काढली आणि आता एमायडीसीकडं स्वतःचं छोटं गॅरेज आहे. जाहिरात करत नाय, पत्ता विचारू नका.

पहिलं एक समजून घ्या, ते ॲडव्हायझर पोरगं वाईट नसतं. त्याला टार्गेट असतं. मी होतो तिथं तर महिन्याला इतके इंजेक्टर क्लीनिंग, इतके एसी ट्रीटमेंट, इतके कोटिंग असा तक्ता भिंतीवर लावलेला असायचा आणि सकाळच्या मीटिंगला ज्याचं कमी भरलं त्याला सगळ्यांसमोर विचारायचे. पगार थोडा, इन्सेंटिव्ह त्याच्यावर. मग पोरगं काय करणार, समोर येईल त्या गाडीला चिकटवत जाणार.

आता तुमच्या यादीचं. थ्रॉटल बॉडी मळते हे खरंय, पण मग गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, आरपीएम वरखाली होतो, एसी लावला की बंद पडायला बघते. असलं काही नसेल तर हात लावू नका. इंजेक्टरचं पण तेच. फ्लश तर मी कुणाच्याच गाडीला करत नाय, वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात धुण्यासारखं असतंच काय? ब्रेक ओव्हरहॉलिंग हे नाव मोठं आहे, प्रत्यक्षात चाक काढून धूळ झाडतात, पॉलिश पेपर मारतात, पिनला ग्रीस लावतात. काम चांगलं आहे, कास-बामणोलीचा चिखल खाणाऱ्या गाडीला वर्षातनं एकदा करावं, पण त्याला सुटे पैसे लावण्याआधी रेग्युलर सर्व्हिसमध्ये ते धरलंय का विचारा. बऱ्याचदा धरलेलं असतं.

कॅम्बरचं मात्र नीट ऐका, कारण इथं पैसे पण जातात आणि गाडी पण. छोट्या गाड्यांना पुढं जे सस्पेन्शन असतं त्यात साधारणपणे फक्त टो (चाक आत-बाहेर किती वळलंय ते) ॲडजस्ट होतो, टाय रॉड फिरवून. कॅम्बर ॲडजस्ट करायला बोल्टच दिलेला नसतो. मग काही टायरवाले काय करतात, हायड्रॉलिक जॅकसारखं एक मशीन लावून स्ट्रट किंवा नकल (चाक धरून ठेवणारे लोखंडी भाग) चक्क वाकवतात आणि स्क्रीनवर आकडा हिरवा आणतात, की झालं कॅम्बर. लोखंड वाकवून आणलेला हिरवा आकडा तो. कॅम्बर बाहेर गेलाय म्हणजे काहीतरी वाकलंय, घासलंय किंवा बुश (आर्मच्या सांध्यातलं रबर) गेलाय, ते शोधायला पाहिजे. तुमच्या गाडीला कुणी ते मशीन लावायला आला की गाडी खाली घ्या म्हणायचं. आणि अलाइनमेंट केलं की आधीचा आणि नंतरचा असा दोन्ही प्रिंट मागा, नुसता नंतरचा नको.

एसी. दरवर्षी मार्च लागला की "गॅस भरून घ्या". एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो हो, ती बंद सिस्टीम आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी लिकेज आहे, ते न शोधता गॅस भरला तर पुढच्या मार्चला परत या. थंड हवा कमी येते म्हणून माझ्याकडं गाड्या येतात त्यातल्या कितीतरी गाड्यांचा नुसता केबिन फिल्टर चोंदलेला असतो, डॅशबोर्डचा खण काढून दोन मिनिटात हातानं निघतो तो.

लोअर आर्मवर मात्र मी बघितल्याशिवाय बोलणार नाय. तुम्ही सांगताय तो आवाज तिथला असू शकतो. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा, तुम्ही स्वतः खाली उभं राहा, आणि बुशपाशी टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवून दाखवा म्हणावं. बुश फाटला असला तर डोळ्यांना दिसतो, आर्म नको तेवढा हलतो. एक बाजू गेली म्हणून दोन्ही बदलायचे का हे पण तिथंच कळतं.

भडंगप्रेमी (सांगली)

पाना साहेब म्हंजे आमच्या मेव्हण्यानं मागच्या महिन्यात ९०० देऊन कॅम्बर काढला ते वाकवून घेतलं म्हणायचं का 😐

पाना_नंबर_चौदा (सातारा)

बहुतेक हो. स्टेअरिंग सरळ चालतंय ना? मग गप राहा, मेव्हण्याला सांगू नका.

शंभरफुटी (सांगली)

कंपनीवाले लुटतात आणि आपला मिस्त्री देव, असं काही धाग्यात चाललंय, ते मला पटत नाही. माझा अनुभव उलटा आहे. ओळखीच्या गॅरेजवाल्यानं (तेही नाव नाही घेत) ७० हजारला सांगितलं टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) बदलायला झालाय, तुटला तर इंजिन जाईल, व्हॉल्व्ह वाकतील, ४० हजारला पडेल, आता ७ हजारात होतंय. मी घाबरलो, हो म्हणणार होतो. माझा चुलतभाऊ पुण्याला गाड्यांच्याच लायनीत आहे, त्याला सहज फोन केला तर तो हसायलाच लागला. माझ्या गाडीला बेल्टच नाही, टायमिंग चेन आहे! चेनला बेल्टसारखी ठरावीक किलोमीटरला बदलायची भानगड नसते, आवाज करायला लागली तर बघायचं. म्हणजे जो पार्ट गाडीत नाहीच तो बदलायचे ७ हजार. जुना बेल्ट दाखवा म्हटलं असतं तर दुसऱ्या गाडीचा फाटका बेल्ट आणून दाखवला असता, त्यांच्याकडं कोपऱ्यात पडलेलेच असतात.

तर ज्यांना बेल्ट आहे त्यांनी वेळेत बदलाच, तिथं भीती खरी आहे, व्हॉल्व्ह खरंच वाकतात. पण आधी आपल्या गाडीला काय आहे ते बघा.

ऑइलचंही बघा. पुस्तकात किती लिटर लिहिलंय ते वाचा, माझ्या गाडीला तीन-सव्वातीन लागतं आणि बिलात सरळ चार लावलेलं. उरलेलं कुठं गेलं विचारलं की "सर ड्रमचं असतं". मग ड्रमचं असेल तर मोजून लावा की.

जुना_एसटीवाला

एसटीच्या वर्कशॉपला ३१ वर्षे काढली, आता निवृत्त. तुमचे वाचून एक सांगावेसे वाटते. फसवणुकीच्या भीतीने माणसे दुसऱ्या टोकाला जातात तेही बघितले आहे. आमच्या शेजारचे एक गृहस्थ, प्रत्येक कामाला "हे लुटायला बसलेत" म्हणत. ब्रेक पॅड संपले सांगितले तर म्हणाले पुढच्या वेळी बघू. यवतेश्वरचा घाट उतरताना धातू धातूवर घासल्याचा आवाज येऊ लागला, देवाच्या दयेने काही झाले नाही, पण डिस्कवर खोल चऱ्या पडल्या. पॅडच्या पैशात भागले असते तिथे डिस्कसकट गेले.

पॅड नवा असताना साधारण १० मिलिमीटर जाडीचा असतो. दोन-तीन मिलिमीटर राहिला की बदलायचा, यात घासाघीस करायची नाही. "५० टक्के राहिलेत साहेब" असे कोणी सांगितले तर म्हणायचे चाक काढले आहेस ना, मोजून दाखव. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते, म्हणून ते दिसायला स्वच्छ असले तरी पुस्तकात सांगितलेल्या मुदतीला बदलायचे, बहुतेक गाड्यांना दोन वर्षे असते. घाटात सतत ब्रेक दाबून तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जाते. खंबाटकी, पसरणी, केळघर उतरणाऱ्या लोकांनी हे लक्षात ठेवावे. आणि ज्या गियरमध्ये चढता त्याच गियरमध्ये उतरा, पॅड जास्त चालतील.

क्लच गेला असे सांगतात तेव्हा एक घरगुती परीक्षा आहे. मोकळ्या जागी, पुढे कोणी नाही बघून, हँडब्रेक घट्ट ओढा, चौथा गियर टाका, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडा. इंजिन धडकन बंद पडले तर क्लच धरतो आहे. बंद न पडता नुसते घुरघुरत राहिले तर प्लेट घसरते आहे, मिस्त्री खरे बोलतो आहे. ही परीक्षा वारंवार करू नये, तिनेच क्लच जाईल.

माहेर_सांगली (विश्रामबाग)

काका, हे मस्त सांगितलंत. शेवटचं वाक्य तर खासच 🙏

कृष्णाकाठ (सांगली)

पुराचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमची गाडी गावभागात, सीटपर्यंत पाणी. पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेली गाडी ढकलत बाहेर काढली. त्या महिन्यात सांगलीत गॅरेजवाल्यांपुढं रांगा होत्या आणि रांगेतल्या माणसाला काय पण सांगता येतं. मला सांगितलं ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला, वायरिंग पूर्ण बदलायचं, एक लाख दहा हजार. गाडीची किंमत तेव्हा अडीच लाख. मी रडकुंडीला आलो होतो, घर पण तसंच चिखलात.

मग मिरजेतल्या एका इलेक्ट्रिशियननं ईसीएम काढून उघडून बघितला, आत पाणी शिरलंच नव्हतं, तो बसवलेलाच असतो उंच. कनेक्टर साफ केले, दोन सेन्सर, बॅटरी, स्टार्टर उघडून धुतला, सगळी ऑइलं बदलली, आतलं कार्पेट फोम सगळं काढून उन्हात. २८ हजारात गाडी चालू आणि २०२१ च्या पुराआधी मी शहाणा होऊन ती वरच्या भागात नेऊन ठेवली.

पण एक, पाण्यातल्या गाडीला चुकूनही सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग खर्च खरोखर लाखात जातो. विमावाले पण साध्या पॉलिसीत ह्याला नाही म्हणतात, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. नदीकाठच्या लोकांनी घ्या, तिथं कंजुषी नको. बाकी सगळ्या ॲड-ऑनला मी नाहीच म्हणतो.

कास_रोडवाला (सातारा)

सगळ्यांचे आभार. पुस्तक काढलं. खरंच पीयूसीच्या खाली होतं, आत २०१७ च्या पेढ्याच्या दुकानाचं बिल पण सापडलं. आमच्या तक्त्यात पण फ्लश, इंजेक्टर, कोटिंग काहीच नाय.

दोन प्रश्न. एक, बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते म्हणतात ते खरं का? माझी संपलीय पण भावाची नवीन गाडी आहे. दोन, ते पोरगं असंही म्हणालं की बंपरला ओरखडा आहे, विम्याचा क्लेम टाकून फुकटात रंगवून देतो.

शंभरफुटी (सांगली)

दुसऱ्याचं आधी. फुकट काही नाही. क्लेम टाकला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर ५० टक्के सूट असते तुम्हाला. वर छोट्या गाडीला प्रत्येक क्लेममागं १,००० रुपये आपल्याच खिशातनं जातात. एक बंपर बाहेर रंगवायचा भाव काढा, गेलेला बोनस मोजा, मग ठरवा. गॅरेजला क्लेम आवडतो कारण बिल तुम्ही बघत नाही.

वॉरंटी. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, पार्ट आणि रिपेअरची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात होतं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. पुढं प्रकरण अपिलात गेलं. व्यवहारात माझं मत, वॉरंटीत आहे तोवर रेग्युलर सर्व्हिस कंपनीतच करा, फक्त पुस्तकातलीच करा, आणि टायर, बॅटरी, वायपर, अलाइनमेंट बाहेर. भांडायला वेळ कुणाला आहे.

भांडायचंच असेल तर बिल पक्कं पाहिजे. "जीएसटी वाचवतो साहेब, चिठ्ठीवर देतो" म्हणतात ना, तिथंच आपण हरलो. कामाचं बिल न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं अनुचित व्यापार प्रथेत येतं. आधी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बऱ्याचदा तेवढ्यावर समोरचा नरमतो. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, साताऱ्यात पण आहे सांगलीत पण आहे, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, घटना घडल्यापासून दोन वर्षांत जायचं.

पाना_नंबर_चौदा (सातारा)

चिठ्ठीवर मी पण देतो कधीकधी, गिऱ्हाईकच म्हणतं टॅक्स कशाला लावता. आन उद्या तेच गिऱ्हाईक म्हणणार बिल दिलं नाय. दोन्हीकडनं बोलायचं.

शंभरफुटी (सांगली)

तेही खरंय.

कास_रोडवाला (सातारा)

अपडेट देतो, बारा दिवस झाले.

त्या दिवशी संध्याकाळी सेंटरला गेलो, पुस्तक काखेत. फक्त ४,६०० ची सर्व्हिस करा म्हटलं आणि लोअर आर्म मला लिफ्टवर दाखवा. पोरगं म्हणालं सर कस्टमरला आत अलाउड नाही. म्हटलं मग मोबाइलवर व्हिडिओ काढून आण. पाच मिनिटं गेला, आला तो म्हणाला चला सर आतच. मेकॅनिकनं टॉमी घातली, डाव्या बाजूचा मागचा बुश खरंच फाटलेला, रबर लोंबत होतं, लहान पोराला पण कळलं असतं. उजवीकडं घातली तर जागचं हललं नाय. मी नुसतं बघितलं पोराकडं. ते म्हणालं "सर पेअरमध्ये बदलतात." बुश तेवढा बदलता येईल का तर "आमच्याकडं असेंब्लीच येते सर".

तिथनं सर्व्हिस करून गाडी बाहेर काढली आणि आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं आर्म उतरवला, प्रेसवर जुना बुश काढून नवा बसवला. बुश २८०, मजुरी ५००. वर म्हणाला आता अलाइनमेंट करावंच लागेल, आर्म खोललाय, ते ३५०, टायरवाल्याकडं दोन्ही प्रिंट मागितले तर त्यानं आधी माझ्याकडं असं बघितलं की मी इन्कम टॅक्सवाला आहे, पण दिले. सगळं मिळून ५,७३०. आवाज गेला. गोडोलीचे सगळे स्पीडब्रेकर मुद्दाम दोन-दोनदा घेतले, मागं बायको बसलेली, ती म्हणाली झालं का समाधान, आता घरी चला.

मला एकच खटकतंय. नऊ आयटममधला एक खरा होता, आणि तो आठव्या नंबरला. इंजेक्टर, फ्लश, कोटिंग ऐकून माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी रागानं सगळ्यालाच नाही म्हणणार होतो, आणि तसाच फाटक्या बुशवर घाट उतरलो असतो.

जुना_एसटीवाला

मी तेच म्हणत होतो.

भडंगप्रेमी (सांगली)

१३,६७० वाचले. पेढे कुरिअर करा, पत्ता इनबॉक्स करतो

नवीन_सभासद (कराड)

माझी डिझेल आहे, १ लाख १० हजार रनिंग, टर्बो गेला म्हणतायत, हेच लागू का?

पाना_नंबर_चौदा (सातारा)

नवीन धागा काढा भाऊ, आणि धूर कुठल्या रंगाचा येतो ते पहिल्या ओळीत लिहा.